उभ्या राहिलेल्या ९४४ टर्बोत बूस्ट वाढवण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कॅलिफोर्नियात, सॅन होजेजवळ, तुम्ही १९८७ ची पोर्शे ९४४ टर्बो घेतली आहे. गाडी १,१८,००० मैल चाललेली आहे आणि आधीच्या मालकाच्या गॅरेजमधून नऊ वर्षं हललेली नाही. "ठेवली तेव्हा चालत होती," एवढंच तो म्हणाला. तुमच्याकडे दोन गाड्यांचं गॅरेज आहे, बऱ्यापैकी हत्यारं आहेत, शनिवार-रविवार मोकळे आहेत आणि ८,००० डॉलर आहेत. त्यातल्या ५,००० मध्ये मोठा टर्बो, चिप आणि नवं वेस्टगेट घेऊन बूस्ट १ बारपर्यंत न्यायचा आणि उरलेल्यात गाडी चालती करायची, असा तुमचा बेत आहे. (टर्बो इंजिनात हवा दाबून भरतो, त्या जादा दाबाला बूस्ट म्हणतात. वेस्टगेट ही तो दाब मर्यादेत ठेवणारी झडप, आणि चिप म्हणजे इंजिनाच्या संगणकातली पेट्रोल-ठिणगीची आकडेवारी.) प्रश्न आहे तो टर्बो कुठला घ्यावा याचा.

टर्बोचं उत्तर देतो, पण जरा पुढे गेल्यावर. कारण गाडी आज कुठल्या अवस्थेत आहे हे तुम्हालाही माहीत नाही आणि विकणाऱ्यालाही नव्हतं. अशा गाडीत टर्बो, चिप आणि वेस्टगेट एकदम बदललं आणि मग ती अडखळायला लागली, तर दोष जुना की नवा हे शोधायला काही आधारच उरत नाही. मी डेट्रॉइटजवळ इंजिन कॅलिब्रेशनमध्ये काम करतो, घरी १९८६ ची ९४४ टर्बो आहे, आणि ओळखीतल्या बऱ्याच जणांच्या अशा गाड्यांखाली झोपून काम केलं आहे. अर्धवट सोडून विकायला काढलेल्या ज्या ९४४ टर्बो गाड्या मी पाहिल्या, त्यांत नवा चकचकीत टर्बो होता आणि शेजारी १९८७ चीच कडक झालेली रबरी नळी होती. म्हणून माझं म्हणणं एकच आहे: आधी ही गाडी कारखान्यातून निघाली तशी चालली पाहिजे, आकड्यांनिशी. बूस्टला हात त्यानंतर.

तीन गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, आणि त्यांची उत्तरं तुम्हालाच काढावी लागतील.

पहिली म्हणजे गाडी उभी का केली होती. चालती गाडी नऊ वर्षं कोणी सहज उभी करत नाही. बहुतेक वेळा क्लच गेलेला असतो, बेल्टचं काम आलेलं असतं आणि खर्च झेपत नाही, किंवा स्मॉग चाचणीत, म्हणजे धुराच्या सरकारी तपासणीत, गाडी नापास झालेली असते. जुन्या पावत्या मागा, आणि त्या नसतील तर कॅलिफोर्नियाच्या ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरच्या संकेतस्थळावर नंबर टाकून गाडीच्या स्मॉग चाचण्यांचा इतिहास बघा. शेवटच्या चाचणीची तारीख आणि निकाल यांतून पुष्कळ काही कळतं.

दुसरी गोष्ट तुमचं राज्य. कॅलिफोर्नियात १९७६ पासूनच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग चाचणी लागते आणि तुमची गाडी त्यात येते. चाचणीत धुराबरोबर इंजिनाची नजरतपासणीही होते. चिपला किंवा टर्बोला राज्याच्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक नसेल, तर तुम्ही तिथेच अडकाल. मी मिशिगनमध्ये राहतो, इथे अशी चाचणीच नाही. त्यामुळे माझ्या गाडीवर काय बसवलं आहे ते तुमच्या गाडीला लागू होईलच असं नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढणं तर केंद्राच्या कायद्यानेच बेकायदा आहे, तो विचार सोडा. गाडी डीएमव्हीकडे, म्हणजे राज्याच्या वाहन नोंदणी खात्याकडे, नियोजित बंद म्हणून नोंदवलेली होती का, की मागची फी चढत राहिली आहे, हेही आत्ताच तपासा. ती रक्कम कधी कधी टायरच्या संचाइतकी निघते.

तिसरी गोष्ट इंधन. तुमच्याकडच्या पंपावर प्रीमियम पेट्रोल म्हणजे ९१ ऑक्टेन, माझ्याकडे ९३. फरक दोनाचाच दिसतो, पण टर्बो इंजिनात तो फार मोठा आहे. त्याबद्दल पुढे येतो.

आता कामाला लागू. किल्लीला अजिबात हात लावू नका. "जरा स्टार्टर मारून बघू" या एका हौसेपायी हे इंजिन जाऊ शकतं. यात टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखणारा पट्टा, तुटला किंवा त्याचे दाते सरकले की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. तुमचा बेल्ट नऊ वर्षं एकाच बाकात बसून आहे, आणि त्याआधी कधी बदलला ते कागदावर नाही. तो गेलेलाच धरा. बेल्टही दोन आहेत. अडीच लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन मुळात थरथरतं. ती थरथर मारायला पोर्शेने मित्सुबिशीचं पेटंट परवान्याने घेऊन दोन बॅलन्स शाफ्ट बसवले, आणि त्यांचा बेल्ट वेगळा आहे. तो तुटून टायमिंग बेल्टमध्ये गुंतला तरी शेवट तोच. वॉटर पंपही टायमिंग बेल्टवरच फिरतो, म्हणजे पंपाचं बेअरिंग जाम झालं की बेल्ट संपला. म्हणून दोन्ही बेल्ट, सगळे रोलर, वॉटर पंप आणि पुढची ऑइल सील एकदमच बदला. यात कुठलाही एक भाग वाचवायला जाऊ नका.

त्याआधी प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडा, एक दिवस थांबा आणि क्रँकच्या बोल्टवर २४ चा पाना लावून इंजिन हाताने, समोरून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरवा. उलट फिरवू नका. कुठे अडलं तर जोर लावू नका, थांबून कारण शोधा. दोन पूर्ण फेरे मोकळे झाले तर पुढच्या कामात अर्थ आहे. बेल्टचा ताण हा या इंजिनाचा नाजूक विषय आहे. पोर्शेचा स्वतःचा ताणमापक महाग आहे, पण अनेक शहरांतल्या क्लबांकडे तो उसना मिळतो. तो उसना मागून आणा. टायमिंग बेल्टला स्प्रिंगवर चालणारा टेन्शनर १९८७ च्या सुमारास आला, तुमच्या इंजिनात आहे का ते कव्हर काढल्यावर दिसेल. असला तरी बॅलन्स शाफ्टचा बेल्ट हातानेच ताणावा लागतो. नवे बेल्ट बसवल्यावर साधारण दोन हजार मैलांच्या आत ताण पुन्हा तपासायचा असतो, आणि लोक नेमकं हेच विसरतात.

इंधनाचं काम उघड्यावर करा. कॅलिफोर्नियातल्या कित्येक घरांत पाणी तापवायचा गॅसचा हीटर गॅरेजमध्येच असतो आणि त्याची ज्योत कायम पेटती असते. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते. गाडी ढकलून ड्राइव्हवेवर घ्या, अग्निशामक शेजारी ठेवा आणि मग टाकी रिकामी करा. टाकी प्लास्टिकची, ८० लिटरची आहे, त्यामुळे गंजाची भीती नाही. पण जुन्या पेट्रोलचा चिकट थर जाळीवर बसलेला असेल. जाळी, फिल्टर आणि इंजिनावरच्या रबरी फ्युएल लाइन बदलल्याशिवाय पंपाला वीज देऊ नका. या लाइन गरम इंजिनावरून जातात. बोटाने वाकवून बघा, बारीक भेगा दिसल्या तर त्यातून तासाभरातही आग लागू शकते. माझ्या हाताखालून गेलेल्या कुठल्याही ९४४ वर मी मूळच्या फ्युएल लाइन ठेवलेल्या नाहीत. इंजेक्टर काढून बेंचवर साफ करायला पाठवा, चारही किती पेट्रोल सोडतात याचे आधीचे आणि नंतरचे आकडे मागून घ्या.

नवं तेल आणि फिल्टर घातल्यावर डीएमई रिले, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला आणि पेट्रोल पंपाला वीज देणारा स्विच, काढून स्टार्टर फिरवा. रिले नसला की ठिणगीही नाही आणि पेट्रोलही नाही, इंजिन नुसतं फिरतं. डॅशवरचा तेलाच्या दाबाचा काटा वर येईपर्यंत थोडं थोडं फिरवत राहा. टर्बोचं बेअरिंग तेलाच्या पातळ थरावर तरंगतं. कोरड्या बेअरिंगावर तो फिरू नये म्हणून एवढी काळजी. काटा वर आला की रिले लावा आणि इंजिन सुरू करा. तो रिले नवा घ्या, आणि एक जास्तीचा ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवा. आतले सोल्डरचे जोड वयाने तडकतात आणि गाडी रस्त्यात अचानक मरते, हे या कुळातलं सगळ्यांत ओळखीचं दुखणं आहे. इंजिन गरम करून बंद केल्यावर एक छोटा इलेक्ट्रिक पंप काही वेळ टर्बोतून पाणी फिरवत राहतो. त्याचा आवाज येतो का ते ऐका. तो मेला असेल तर बंद केल्यावर टर्बोच्या आत तेल जळून कोळसा होतो आणि बेअरिंगची वाट लागते.

इंजिन गरम झालं, चालतंय, तेलाचा दाब ठीक आहे. म्हणजे गरम इंजिनावर मिनिटाला ३,००० फेऱ्यांच्या पुढे काटा ४ बारच्या आसपास आहे. आता जी चाचणी करायची तिच्यावर तुमचे पुढचे सगळे खर्च ठरतील. कॉम्प्रेशन टेस्ट करा, पण त्यावर थांबू नका, लीकडाउन करा. पिस्टन अगदी वरच्या टोकाला, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना, आणून आत हवा सोडायची आणि किती टक्के निसटते ते बघायचं. चारही सिलिंडर १५ टक्क्यांच्या आत आणि एकमेकांच्या जवळ असले तर मी समाधानी असतो. त्याहून महत्त्वाचं, हवा कुठून जाते ते कान लावून ऐका. एक्झॉस्टमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, थ्रॉटलमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, तेल भरायच्या तोंडातून आली तर पिस्टनच्या रिंगा. आणि रेडिएटरच्या टाकीत बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट, म्हणजे ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील. नऊ वर्षं तेच कूलंट आत राहिलं असेल तर त्यातली गंजरोधक द्रव्यं केव्हाच संपली आहेत आणि ॲल्युमिनियमचं हेड आणि गॅस्केटच्या कडा खाल्ल्या गेल्या असण्याची शक्यता खरी आहे.

आता तुमच्या गाडीच्या वयाबद्दल, म्हणजे रबराबद्दल. लोकांना वाटतं की जुन्या टर्बोत दमछाक टर्बोमुळे होते. माझ्या अनुभवात ती बहुधा हवेच्या गळतीमुळे असते. या गाडीत हवा मोजणारं यंत्र म्हणजे एक पाती आहे. आत जाणारी हवा ती पाती ढकलते आणि किती ढकलली यावरून संगणक पेट्रोल ठरवतो. ही पाती टर्बोच्या आधी आहे. म्हणजे मोजलेली हवा पुढे बऱ्याच नळ्या, सांधे आणि तापलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरमधून जाते. मधे कुठे फट असेल तर मंद चालीत, आत निर्वात असताना, न मोजलेली हवा शिरते आणि मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, इंजिन डुलतं. तीच फट बूस्टखाली मोजलेली हवा बाहेर टाकते आणि मिश्रण घट्ट होतं, म्हणजे पेट्रोल जास्त होतं, काळा धूर आणि ताकद कमी. एकाच भोकाची दोन उलट लक्षणं. ज्याला हे माहीत नाही तो आधी इंजेक्टर बदलतो, मग चिप बदलतो, आणि भोक तसंच राहतं.

तेव्हा इनटेक मॅनिफोल्ड, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणारी नळ्यांची जोडणी, काढा. खाली निर्वाताच्या नळ्यांचं जाळं आहे, ते सगळं बदला. टर्बोही तिथेच, मॅनिफोल्डच्या खाली आहे. एक्झॉस्ट दुसऱ्या बाजूने निघून एका आडव्या पाइपने त्याच्यापर्यंत येतो. मॅनिफोल्ड काढलेलं असताना टर्बोचा शाफ्ट बोटाने हलवून बघा. आडवा अगदी किंचित हलला तर चालेल, पुढेमागे हलला तर नाही. वेस्टगेटला दाब पोहोचवणाऱ्या नळीतल्या पोकळ बोल्टमध्ये एक बारीक छिद्र असतं. ते बुजलं किंवा कोणी मोठं केलं असेल तर बूस्ट भलताच जातो. सगळं परत लावल्यावर धूर सोडून गळती शोधायचं यंत्र भाड्याने आणा आणि थेंबभरही गळती राहणार नाही असं करा. या एका कामाने गाडी इतकी सुधारते की कित्येकांचा मोठ्या टर्बोचा मोह तिथेच शमतो.

वायरिंगचंही तेच. क्लच हाउसिंगवर दोन सेन्सर असतात, एक इंजिनाची गती मोजतो, एक क्रँकची जागा सांगतो. त्यांचे प्लास्टिकचे जोड हात लावताच चुरा होतात. गरम झाल्यावर बंद पडणारी आणि थंड झाल्यावर निमूट सुरू होणारी ९४४ पाहिली की मी आधी तिथे जातो. सेन्सर नवे घाला आणि फ्लायव्हीलपासूनचं अंतर ०.८ मिलिमीटर ठेवा.

क्लच मात्र तुमच्या बजेटला खरा धोका आहे. मूळच्या क्लचच्या मध्यभागी धक्के शोषायला रबराचा गाभा होता. तो वयाने तुटतो, आणि तुटला की गाडी गिअरमध्ये असूनही हलत नाही. नवे क्लच स्प्रिंगचे मिळतात. पण ९४४ मध्ये गिअरबॉक्स मागे आहे, इंजिन पुढे आणि मधे एक लांब टॉर्क ट्यूब. क्लचपर्यंत पोहोचायला एक्झॉस्ट उतरवा, गिअरबॉक्स उतरवा, टॉर्क ट्यूब मागे सरकवा. घरी चार जॅक स्टँडवर होतं, पण एकट्याने करू नका आणि पहिल्याच महिन्यात तर नकोच. पेडल सोडताना धप्प आवाज येऊन गाडी झटका देत असेल तर हे काम आलंच असं समजा आणि पैसे बाजूला ठेवा. ते काम निघालंच तर टॉर्क ट्यूबची बेअरिंग आणि क्रँकचं मागचं सील त्याच वेळी करा.

ब्रेकचं थोडक्यात. तुमच्या गाडीला चार पिस्टनचे ॲल्युमिनियम कॅलिपर आहेत, त्या काळी हे फार मोठं होतं. त्यांत पॅड ज्या स्टीलच्या पट्ट्यांवर सरकतात त्यांच्याखाली ॲल्युमिनियम गंजून फुगतं, पट्टी वर उचलते आणि पॅड आवळला जातो. नवे पॅड बसत नाहीत म्हणून लोक पॅड घासून बसवतात. तसं न करता पट्टी काढा, खालचं गंजलेलं साफ करा आणि पट्टी परत बसवा. सगळे रबरी ब्रेक होज नवे, तेल नवं. टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचा, त्यात आठवडा आणि साल असतं. नऊ वर्षं उभ्या गाडीचे टायर, नक्षी नवीकोरी दिसली तरी, रस्त्यावर नेऊ नका.

आता बूस्ट. आधी तुमचा काटा समजून घ्या, कारण प्रश्नात तुम्ही "काटा १.७ दाखवतो असं व्हिडिओत दिसलं, म्हणजे १ बार सहज झेपेल" असं लिहिलं आहे. ९४४ टर्बोचा काटा निरपेक्ष दाब दाखवतो. हवेचा आपला नेहमीचा दाबच त्यावर १ असतो. १.७५ म्हणजे ०.७५ बार बूस्ट, आणि कारखान्याची मर्यादा तेवढीच आहे. तुम्हाला हवा असलेला १ बार म्हणजे काट्यावर २. हे अंतर तुम्हाला वाटलं त्याहून बरंच मोठं आहे.

बूस्ट वाढला की आतली हवा तापते. हवा तापली की ठिणगीने पेटलेली ज्वाला पोहोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप पेटू पाहतं, तेच नॉकिंग. ऑक्टेन हे त्याविरुद्धचं बळ आहे, आणि तुमच्या पंपावर ते ९१ च आहे. पोर्शेने यासाठी वेगळा केएलआर नावाचा संगणक दिला. नॉक ऐकू आला की तो त्या सिलिंडरची ठिणगी मागे घेतो, तेवढ्याने भागलं नाही तर बूस्ट कमी करतो. १९८५ सालच्या रस्त्यावरच्या गाडीत ही सोय होती, याचं मला आजही कौतुक वाटतं. पण तुमच्या दृष्टीने अर्थ असा: ९१ वर बूस्ट वाढवाल, केएलआर ठिणगी मागे घेईल, एक्झॉस्ट आणखी तापेल, आणि मिळालेल्या ताकदीतली बरीच तुम्ही उष्णता म्हणून हेड गॅस्केटला द्याल. ९३ वर मी जो बूस्ट निर्धास्तपणे चालवतो, तो तुम्हाला सुचवणार नाही. ९१ वर मी काट्यावर १.८५ ते १.९ च्या आत राहीन, आणि तेही थंड हवेत.

क्रमही सांगतो. पहिला बदल म्हणजे एअर-फ्युएल मीटर. ताकद एका घोड्यानेही वाढत नाही, पण पूर्ण बूस्टखाली मिश्रण ११.५ ते १२ च्या आसपास, म्हणजे एक भाग पेट्रोलला तेवढे भाग हवा, आहे हे डोळ्यांनी दिसतं. सोबत साधा मेकॅनिकल बूस्ट गेज. या दोघांशिवाय काहीही वाढवू नका. दुसरा बदल वेस्टगेट. जुन्या वेस्टगेटची स्प्रिंग मऊ झालेली असते, वरच्या फेऱ्यांत एक्झॉस्टचा दाब तिला उघडतो आणि बूस्ट ढासळतो. नुसतं चांगलं वेस्टगेट लावून कारखान्याचाच ०.७५ बार शेवटपर्यंत टिकवलात तर गाडी अंगात आल्यासारखी पळते, आणि तुम्ही कुठलीही मर्यादा ओलांडलेली नसते. तिसरा बदल चिप, ३ बारच्या फ्युएल प्रेशर रेग्युलेटरसह. प्रत्येक बदलानंतर काही आठवडे गाडी चालवा, प्लग काढून बघा, मगच पुढचा.

चिपच्या आधी एक काम मी हट्टाने करायला सांगेन: कनेक्टिंग रॉडची, म्हणजे पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या दांड्यांची, बेअरिंग. या इंजिनात दुसऱ्या नंबरचं बेअरिंग आधी जातं, कारण जोराच्या वळणात तेल बाजूला सरकून फेसाळतं. इंजिन वरून आधार देऊन, खालचा क्रॉसमेंबर आणि ऑइल पॅन काढून हे जागेवरच बदलता येतं. निघालेल्या जुन्या बेअरिंगवर तांब्याचा रंग दिसला तर आधीच्या मालकाने गाडी कशी चालवली ते तुम्हाला कळेल. त्याच वेळी इंजिन माउंटही बघा, एक्झॉस्टच्या बाजूचं उष्णतेने आधी बसतं.

आणि आता तुमचा मूळ प्रश्न, टर्बो कुठला. तुमच्या गाडीवर केकेके या कंपनीचा के२६/६ टर्बो असेल. तो शाबूत असेल तर तोच ठेवा, आणि शाफ्ट हलत असेल तर उघडून दुरुस्त करून घ्या. बदलायचाच झाला तर के२६/८, जो पोर्शेने १९८८ च्या टर्बो एस वर घालून २५० अश्वशक्ती काढली. तो काही बदल न करता तुमच्या गाडीत बसतो. तुम्ही म्हणता तसा त्याहून मोठा टर्बो ट्रॅकवर शोभतो. सॅन होजेच्या गर्दीत तो फिरायला लागेपर्यंत पुढचा सिग्नल येईल. आणि त्याची हवा मोजताना ती पाती पूर्ण उघडून टेकते, पुढे हवा कितीही वाढली तरी संगणकाला दिसत नाही. मग पातीच्या जागी दुसरं मापन, मोठे इंजेक्टर, नवं ट्यूनिंग, असा खर्च वाढत जातो, आणि कॅलिफोर्नियाच्या तपासणीत त्यातलं काही बसत नाही.

पैशांचा माझा ढोबळ अंदाज, मजुरी तुमची धरून: बेल्ट, पंप, सील आणि नळ्या १,५००, इंधनाचं काम ६००, ब्रेक आणि टायर १,५००, क्लचसाठी राखीव २,०००, रॉड बेअरिंग आणि माउंट ४००, मीटर आणि गेज ५००. उरले १,५००. त्यात चांगलं वेस्टगेट नक्की येतं, चिपही येते. मोठा टर्बो येत नाही. क्लच चांगला निघाला तर ते २,००० लगेच टर्बोकडे वळवू नका, एक उन्हाळा जाऊ द्या. उभी राहिलेली गाडी चालू लागली की पहिल्या हजार मैलांत ज्या गोष्टी मोडायच्या त्या मोडतात.

तुम्ही ओझरतं विचारलंय की जुन्या स्टीअरिंगच्या जागी छोटं स्पोर्ट स्टीअरिंग लावू का. नका लावू. अमेरिकेत १९८७ च्या ९४४ टर्बोला चालक आणि शेजारी दोघांसाठी एअरबॅग मुळातच होत्या, आणि तुमचं स्टीअरिंग म्हणजे त्यातली एक आहे. डॅशच्या आसपास काम करताना बॅटरी काढून थोडा वेळ थांबत जा. काढलेला प्रत्येक मूळ भाग, जुनी चिप, वेस्टगेट, रेग्युलेटर, नावाची चिठ्ठी लावून खोक्यात ठेवा. स्मॉगसाठी लागेल, आणि गाडीची किंमतही त्यावर ठरते.

लीकडाउनचे चार आकडे आणि हवा कुठून निसटते ते कळलं की इथे लिहा. चारही चांगले असतील तर वर सांगितलेल्या क्रमाने निघा. एखाद्यात रिंगांमधून हवा जात असेल तर इंजिन जवळच्या कुठल्याही मशीन शॉपमध्ये होनिंगला, म्हणजे सिलिंडर आतून घासून घ्यायला, टाकू नका. या ब्लॉकला लोखंडी लायनर नाहीत. सिलिकॉन मिसळलेल्या ॲल्युमिनियमवरच पिस्टन चालतो आणि त्या पृष्ठभागाची पद्धत वेगळी आहे, ती करणारेच शोधावे लागतात. आणि हेड उतरवायची वेळ आली तर मशीनवाल्याला आधीच सांगा की एक्झॉस्टच्या वाटांना आतून सिरॅमिकचं अस्तर आहे. त्याने तिथे ग्राइंडर घातला तर अस्तर तडकेल, आणि त्याचे तुकडे थेट टर्बोच्या पात्यांवर जातील.